मन लागत नाही म्हणे

"मन लागत नाही, सर," हे वाक्य यापुढे माझ्यासमोर बोलायचं नाही. रविवारी वंदना झाल्यावर तू ते बोललास तेव्हा मागे आयाबाया उभ्या होत्या, तुझी आई होती, म्हणून मी गप्प बसलो. चारचौघांत तुझा पाणउतारा करायचा नव्हता. पण मी गप्प बसलो म्हणजे मला पटलं, असा अर्थ घेऊ नकोस. जे सांगायचं ते आता लिहूनच देतो, म्हणजे ऐकलं नाही म्हणायला तुला जागा उरणार नाही.

काय काय तक्रारी होत्या तुझ्या? ठाणे-बेलापूर रस्त्यावरची वाहनं दिवसरात्र थांबत नाहीत. ट्रक मागे घेताना भोंगा वाजतो. शेजारच्यांचा टीव्ही मोठ्यानं चालू असतो. भाजी मार्केटातून आल्यावर अंगाला ओल्या पालेभाजीचा आणि कुजक्या कोबीचा वास राहतो, तो बसल्यावर नाकात शिरतो. विहारातला पंखा खटखट करतो. पोरं दारातून धावतात. आणि शेवटी निकाल दिलास, "तुर्भ्यात ध्यान होऊच शकत नाही सर, त्याला इगतपुरीसारखी जागा पाहिजे." नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी तुला चौथीत शिकवली होती. तिचा अर्थ तू वहीत सुवाच्य अक्षरात लिहून दाखवला होतास. अर्थ वहीतच राहिला.

अरे, आवाज कानावर पडला यात अडथळा कसला? भोंगा वाजला, कानानं ऐकला, थांबला. पुढं "या ड्रायव्हरांना अक्कल नाही", मग "आपण या वस्तीत राहतोच कशाला", मग "उलव्याला घर घेतलं तर हप्ता किती बसेल", मग "बापानं वेळेवर जागा घेतली असती तर", इथपर्यंत जे गेलं ते ट्रकनं नेलं का? भोंगा काही क्षणांचा. उरलेला सगळा वेळ तू तुझ्या मनानं खर्च केलास आणि उठून बोट दाखवलंस तुर्भ्याकडे.

इगतपुरीचं कौतुक सांगतोस, तर तिथलंच बोलू. धम्मगिरीवर तू दहा दिवसांचं शिबिर केलंस. पहाटे चारला घंटा, साडेचारला बैठक, रात्री साडेनऊला दिवे बंद, दिवसाचे दहा तास बसणं, मौन, फोन जमा. पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष, चौथ्या दिवशी विपश्यना. तू पळून आला नाहीस, पूर्ण केलंस, त्याबद्दल मी तुझी पाठ थोपटली होती आणि मनापासून थोपटली होती. पण तिथं तुझ्यासाठी भात कुणी शिजवला? तुझ्याकडून एक पैसा मागितला नाही. तुझ्याआधी जे बसून गेले त्यांच्या दानावर तू जेवलास. बिनपगारी धम्मसेवक तुझ्यासाठी राबले. ही माणसं कशासाठी राबली? तू दहा दिवस शांत राहावास म्हणून? तेवढ्यासाठी कुलूपबंद खोलीही पुरली असती. ती राबली अकराव्या दिवसासाठी. आणि अकराव्या दिवशी घरी येऊन तू काय केलंस, हे मला तुझ्या आईनं सांगितलं. जेवायला पुन्हा वांगंच, म्हणून ताट सरकवलंस. त्याच संध्याकाळी स्टेटसला डोळे मिटलेला फोटो टाकलास. तो मीही पाहिला.

शिबिराच्या शेवटी ध्वनिमुद्रित प्रवचनात गोएंका गुरुजी साधकाला घरी गेल्यावर सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसायला सांगतात. तू किती बसलास? आधी तासाचा अर्धा तास झाला, मग "सर, पाळी बदलली", मग "सर, पाऊस फार आहे", मग नुसतंच "सर, मन लागत नाही". बेलापूरला पारसिकच्या टेकडीवर धम्मविपुल केंद्र आहे. तुर्भ्याहून बसनं जाता येतं. इतकी वर्षं इथं राहून तुला ते ठाऊकही नव्हतं. इगतपुरीसाठी तुझा जीव तळमळतो आणि बेलापूरला पाय वळत नाहीत, तर ही तळमळ ध्यानाची नाही, घरापासून लांब राहण्याची आहे.

ही चूक करणारा तू पहिला नाहीस. उदान या पाली ग्रंथात मेघियाची गोष्ट आहे. मेघिय हा भगवान बुद्धांच्या सेवेत असलेला भिक्खू. एकदा भिक्षा आटोपून किमिकाळा नदीच्या काठानं येताना त्याला एक आमराई दिसली. गर्द सावली, शांतता, वाहतं पाणी. हीच ध्यानाची जागा, असं त्याच्या मनानं घेतलं. बुद्ध म्हणाले, थांब, आत्ता इथं आपण दोघंच आहोत, दुसरा भिक्खू येऊ दे, मग जा. त्यानं ऐकलं नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर मिळालं. तिसऱ्यांदा हट्ट धरला, तेव्हा बुद्धांनी जाऊ दिलं. तो गेला, झाडाखाली बसला, आणि तिथं त्याच्या मनात काय उसळलं? कामवासनेचे विचार, द्वेषाचे विचार, दुसऱ्याला इजा करण्याचे विचार. आमराईत ट्रक नव्हते, शेजाऱ्याचा टीव्ही नव्हता. हवी होती ती जागा मिळाली होती, आणि तिथं बसायला त्यानं स्वतःचंच मन नेलं होतं. तो चक्रावून परत आला.

परत आल्यावर बुद्धांनी सुरुवात बसण्याच्या पद्धतीपासून केली नाही. मन अजून पिकलेलं नसेल तर ते पिकायला पाच गोष्टी लागतात, असं सांगितलं. पहिली, चांगला मित्र. दुसरी, शील. तिसरी, मनाला वळण लावणारं बोलणं ऐकायला मिळणं. चौथी, नेटानं झटणं. पाचवी, उपजतं आणि मावळतं ते ओळखणारी प्रज्ञा. शांत जागा या पाचांत नाही. तू पाचांपैकी एकीचीही चौकशी न करता पंख्याची तक्रार घेऊन माझ्याकडे आलास. पहिल्या दोन गोष्टींवर मी पुढं येणारच आहे. त्या तुला जड जाणार आहेत.

एकांताचं महत्त्व मी नाकारत नाही. सतिपट्ठान सुत्तातच अरण्यात, झाडाखाली किंवा रिकाम्या घरात जाऊन बसावं असं सांगितलं आहे. पण आपल्या कोकणपट्टीत भिक्खूंनी एकांत कुठं शोधला तेही पाहा. कान्हेरीला तू सहलीला गेला होतास, धबधब्याखाली फोटो काढून आलास. तिथं शंभराहून अधिक लेणी आहेत, दगडातच कोरलेले ओटे आहेत, पाण्याच्या टाक्या आहेत. ती लेणी कोरायला पैसा कुणी दिला, हे तिथल्या शिलालेखांत आहे. कल्याणचे, सोपाऱ्याचे व्यापारी, सोनार, गृहस्थ, त्यांच्या घरच्या बायका. कार्ल्याचं चैत्यगृह बोरघाटाच्या व्यापारी वाटेजवळ आहे आणि त्यावर वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीचं नाव कोरलेलं आहे. बंदरातून माल घाटावर चढत होता, बैलांचे तांडे जात होते, आणि त्याच वाटेच्या कडेला भिक्खू बसत होते. बाजार आणि ध्यान यांचं वैर असतं तर सह्याद्रीत लेणी उभी राहिलीच नसती. तू ज्या बाजारात पोट भरतोस तो त्याच कोकणपट्टीतला आहे.

आणि तिहारचं काय सांगशील? १९९४ साली दिल्लीच्या त्या तुरुंगात हजाराहून अधिक कैद्यांनी एकाच शिबिरात विपश्यना केली. त्यांच्याकडे आमराई होती का?

वेळ नाही म्हणतोस. सयाजी ऊ बा खिन ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते. देश १९४८ साली स्वतंत्र झाला तेव्हापासून त्या पदावर, आणि पुढं एकाच वेळी अनेक खात्यांचा कारभार त्यांच्या अंगावर पडला. ते भिक्खू नव्हते, संसारी होते. १९५२ साली त्यांनी रंगूनला ध्यानकेंद्र उभारलं, आणि आपल्या कचेरीतल्या माणसांनाही त्यांनी शिकवलं. तिथं फायली होत्या, लेखापरीक्षण होतं, लाचखाऊ कारकून होते. तुझ्या गाळ्यावरच्या वह्यांपेक्षा तो पसारा लहान नव्हता.

त्यांच्याकडेच गोएंका गेले. १९२४ साली मंडालेला जन्मलेले, घरचा मोठा व्यापार, आणि अर्धशिशीनं इतके हैराण की मॉर्फिन टोचून घ्यावं लागे. परदेशी डॉक्टर झाले, गुण आला नाही. शेवटी ते ऊ बा खिन यांच्याकडे आले आणि डोकं बरं व्हावं म्हणून शिकायचं आहे म्हणाले, तर गुरूंनी त्यांना घ्यायला नकार दिला. डोकेदुखी घालवायला येत असशील तर येऊ नकोस, मन निर्मळ करायला ये, दुखणं गेलं तर ते आपोआप जाईल, असं त्यांचं म्हणणं. १९५५ साली गोएंका बसले ते हे मान्य करून. १९६९ साली ते भारतात आले, जुलैत मुंबईत पहिलं शिबिर घेतलं, १९७६ पासून इगतपुरीला धम्मगिरी उभी राहिली, २०१३ साली ते मुंबईतच गेले. हा सगळा पसारा एका नकारापासून सुरू झाला. तू पहिल्या दिवशी माझ्याकडे आलास तेव्हा काय म्हणालास आठवतं? "टेन्शन कमी होईल, काम फास्ट होईल." तेव्हाच तुला परत पाठवायला हवं होतं असं एखाद्याला वाटेल. मी पाठवलं नाही, कारण तू लहानपणापासून ऐकणारा पोरगा आहेस. आता ऐक.

मनात अडथळे येतात, ही तुझ्या लेखी ध्यान बिघडल्याची खूण आहे. बुद्धांनी त्या अडथळ्यांना ध्यानाच्या बाहेर कधी ठेवलंच नाही. सतिपट्ठान सुत्तात श्वास आहे, शरीर आहे, वेदना आहेत, चित्त आहे, आणि धम्मानुपश्यना सुरू होते तीच पाच नीवरणांपासून. कामच्छंद, व्यापाद, थिनमिद्ध, उद्धच्च-कुक्कुच्च, विचिकिच्छा. म्हणजे हाव, राग, सुस्ती, अस्वस्थता नि टोचणी, आणि शंका. प्रत्येकाबाबत पाच गोष्टी जाणायला सांगितल्या आहेत. आता आहे तर आहे हे कळावं. नाही तर नाही हे कळावं. नव्हतं ते कसं उपजलं हे कळावं. उपजलं ते कसं सुटतं हे कळावं. सुटलेलं पुन्हा कसं उपजणार नाही हे कळावं. तुझ्या बाजारातला मापाडी काट्याशी भांडत नाही, आकडा वाचतो आणि मोठ्यानं सांगतो. तुला तेवढंच करायचं होतं. राग आला, तर राग आहे एवढं वाचायचं. तू आकडा न वाचताच काटा फोडायला निघालास.

हाव आणि शंका यांच्यावर मी फार शाई घालवणार नाही. बैठकीत तुझ्या खिशातला फोन थरथरला की तुझी उजव्या हाताची बोटं हलतात. मी समोर बसलेला असतो, मला दिसतं. फोन घरी ठेवून ये, विषय संपला. शंकेचंही तसंच. एका आठवड्यात आनापान, दुसऱ्या आठवड्यात कुणातरी बाबाचा व्हिडिओ बघून मंत्र, तिसऱ्यात ॲपवरची बासरी. प्रत्येक ठिकाणी एक वीत खणायचं आणि पाणी नाही म्हणून दुसरीकडे जायचं. एक धर आणि पावसाळा संपेपर्यंत सोडू नकोस. वर्षावास चालू आहे, विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो, आश्विन पौर्णिमेपर्यंत वाचला जाणार आहे. तिथं रोज येऊन बसणाऱ्या बायांना तू विचार, त्या पद्धत बदलतात का. त्यांतल्या कितीजणी दिवसभर बाजारात कांदा निवडून येतात, हे तुला माझ्याहून जास्त माहीत आहे.

रागाचं मात्र सांगायला हवं, कारण तिथं तू स्वतःची फसवणूक करतोस. गाळ्यावरचा शेठ सगळ्यांदेखत बोलला, तुला लागलं. लागणारच. मग तू बैठकीत बसून मनातल्या मनात त्याला उत्तरं देतोस, आणि थकलास की त्याच माणसाला मैत्री देऊ लागतोस. "शेठचं मंगल होवो." दात आवळून. अरे, बुद्धघोषांच्या विसुद्धिमग्गात मैत्रीभावनेचा क्रम दिलेला आहे. आधी स्वतः, मग ज्याच्याबद्दल आदर आहे तो, मग ज्याच्याशी ना मैत्र ना वैर तो, आणि सगळ्यात शेवटी वैरी. तू थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतोस, तोंडावर पडतोस आणि मैत्री खोटी आहे म्हणतोस. स्वतःपासून सुरुवात कर, मग आईकडे ये. ती रात्रभर जागी राहून सकाळी तुझ्यासाठी दार उघडते, तिच्याबद्दल मनात चांगलं आणायला तुला जड जाऊ नये. शेठ महिनाभर बाजूला राहू दे, त्याचं काही बिघडत नाही.

आता सुस्ती. इथं मी तुला एका बाबतीत सूट देतो. भाजी मार्केटातली रात्र काय असते ते मला माहीत आहे. मध्यरात्रीपासून गाड्या लागतात, पहाटे बाजार, सकाळी हिशेब. तो थकवा खरा आहे आणि त्याला आळस म्हणणारा माणूस अन्याय करतो. पण सकाळी घरी आल्यावर तू झोपतोस का? उशी उभी करून दुपार होईपर्यंत रील बघतोस, मग चार तास कसेबसे झोपतोस, आणि संध्याकाळी विहारात भिंतीला टेकून मान पाडतोस. ती झोप बाजारानं तुझ्याकडून घेतलेली नाही.

अग्रश्रावक मोग्गलानांनाही डुलकी येत होती. मगधात कल्लवाळपुत्त गावी ते बसल्या बसल्या पेंगत होते, तेव्हा बुद्धांनी त्यांना जे सांगितलं ते अंगुत्तर निकायात आहे. ज्या विचारात असताना झोप येते तो विचार धरून बसू नकोस. नाही गेली तर ऐकलेला धम्म मनात घोळव. नाही गेली तर तो मोठ्यानं म्हण. नाही गेली तर कानाच्या पाळ्या ओढ, हातपाय चोळ. नाही गेली तर उठ, डोळ्यांना पाणी लाव, चारी दिशांकडे आणि ताऱ्यांकडे बघ. नाही गेली तर मनात उजेड आण, रात्रही दिवसासारखी कर. नाही गेली तर येरझाऱ्या घाल. आणि तरीही नाही गेली तर उजव्या कुशीवर नीट झोप, केव्हा उठायचं ते मनात ठरवून, आणि जाग आली की लगेच उठ. किती व्यवहारी आहे हे बघ. शेवटी झोपायला परवानगी आहे, पण आधीचं सगळं करून झाल्यावर. तू पहिल्या पायरीवरून थेट शेवटच्या पायरीवर आडवा होतोस, आणि उठायचं तेवढं ठरवत नाहीस. उद्यापासून पेंग आली की उभा राहा. विहाराच्या मागच्या बाजूला चालायला जागा आहे. चालताना पाय टेकला, उचलला, टेकला, एवढंच जाणायचं. चंक्रमण हेही ध्यानच आहे, ते कमी दर्जाचं नाही.

तुझा तो मित्र, जो मोर्चाला नेहमी पुढं असतो, तो तुला म्हणतो की डोळे मिटून बसणं हे बाबासाहेबांचं काम नव्हे. तू त्याला उत्तर देऊ शकला नाहीस आणि मलाही विचारलं नाहीस, नुसता ढिला पडलास. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेतच प्रश्न टाकला होता, की भिक्खू स्वतःपुरता पूर्ण माणूस व्हायचा आहे की समाजाचा सेवक. समाजाकडे पाठ फिरवणाऱ्या साधूचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. वस्तीतल्या नळाच्या रांगेत भांडण चाललं असताना मी ध्यानाला बसलोय म्हणणारा माणूस मलाही नको. पण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी लाखोंच्या समुदायाला ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत अष्टांग मार्गाचा अवलंब करीन ही प्रतिज्ञा आहे. सम्यक स्मृती हे त्या मार्गाचं एक अंग आहे. चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही, याही प्रतिज्ञा त्यांत आहेत. म्हणजे तुझ्या मित्राला सांग, बस आणि मोर्चाला ये, दोन्ही कर. आणि स्वतःला सांग, मोर्चाला जातो म्हणून बसायचं टाळू नकोस, बसतो म्हणून मोर्चा टाळू नकोस. तू सध्या दोन्हीकडून सुटी घेतली आहेस.

एक गोष्ट वेगळी काढून सांगतो, कारण इथं रागवायची जागा नाही. कधी झोप आठवडेच्या आठवडे उडाली, कशातच जीव रमेना, जगणं नकोसं वाटू लागलं, तर बैठक वाढवायची नाही. त्या दिवशी माझ्याकडे ये, आपण दोघं मिळून डॉक्टरकडे जाऊ. शिबिराच्या अर्जातही मनाच्या आजारांबद्दल विचारतात, ते उगाच नाही. आजाराला नीवरण म्हणून दामटत बसणं हा शहाणपणा नव्हे. पण तुझं आत्ताचं दुखणं ते नाही. ते मी ओळखून आहे.

आता उरलेल्या नीवरणाकडे येतो, उद्धच्च-कुक्कुच्च. मागच्या पंधरवड्यात तू मला म्हणालास, "सर, बसलो की त्याचा चेहरा समोर येतो. श्वासावर आणतो, पुन्हा येतो. काहीतरी युक्ती सांगा." मी विचारलं कुणाचा, तर सांगितलंस. तुझ्याच मार्केटातला, साताऱ्याकडचा माथाडी, पाठीवर गोणी वाहतो. गेल्या दिवाळीत तुला मोबाइलच्या हप्त्यासाठी आणि आईच्या औषधासाठी पैसे हवे होते, ते त्यानं दिले. मुलीच्या शाळेच्या प्रवेशासाठी बाजूला ठेवलेले दिले. "जूनच्या आत दे" एवढंच म्हणाला. जून गेला. त्यानं मागितले नाहीत, पण तू त्याच्या समोरून जायचं टाळायला लागलास. त्याची टोळी ज्या गेटजवळ बसते ते गेट सोडून लांबच्या गेटनं वळसा घालून येतोस. चहाची टपरीसुद्धा बदललीस. हे तूच मला सांगितलंस, आणि सांगताना विषय ध्यानाचा होता.

थोडा विचार कर, तू माझ्याकडे काय मागत होतास. ज्याचे पैसे बुडवले त्याचा चेहरा डोळ्यांसमोरून घालवायची युक्ती! ती मी देणार नाही, आणि बुद्धांच्या शिकवणीत ती नाही. तो चेहरा तुझ्या ध्यानात येणारा अडथळा आहे असं तू समजतोस. तो येतो, कारण तुझं मन अजून धड आहे. ते तुला दररोज सांगतंय की अदिन्नादाना वेरमणी, म्हणजे चोरी करणार नाही, हे तोंडानं म्हणतोस आणि दुसऱ्याच्या मुलीची फी खिशात घेऊन फिरतोस. इतकं सांगूनही तू त्या मनालाच गप्प करायला निघालास, श्वासाच्या आड. ध्यान असं वापरलं तर ते दारूसारखंच होतं, आणि दारू आपण सोडली ती याचसाठी.

मेघियाला बुद्धांनी पहिल्यांदा चांगला मित्र सांगितला आणि दुसऱ्यांदा शील. तुझ्याकडे चांगला मित्र होता. गोणी वाहून घाम गाळणारा, न विचारता पैसे काढून देणारा, मागून अपमान न करणारा. शील तू मोडलंस आणि मित्राला टाळलंस, दोन्ही एका फटक्यात. यानंतर तुला इगतपुरीच्या शून्यागारात, ध्यानाच्या कोठडीत, एकट्याला बसवलं तरी काय होईल? तिथंही तोच येऊन बसेल. तू जागा बदलत राहशील आणि तो येत राहील, कारण तो बाहेरून येत नाही.

पंखा मी दुरुस्त करून घेतो. माळ्यावर दुसरा पडलाय, तो बसवू. पोरांनाही वंदनेच्या वेळी मागच्या खोलीत बसवायला सांगतो, तिथं त्यांना कुणीतरी अभ्यास घ्यायला हवाच आहे, तो तू घेशील. चौथीची गणितं तुला येतात. तेवढं विहारासाठी कर.

पण त्याआधी आज रात्री बाजारात जाशील तेव्हा लांबच्या गेटनं जायचं नाही. त्याची टोळी बसते तिथून जा. पूर्ण रक्कम नसेल तर पगारातून जेवढी निघेल तेवढी घेऊन जा आणि उरलेली कुठल्या तारखेला देणार ते सांग. फोनवर नाही, समोर उभं राहून, त्याच्या तोंडाकडे बघून. त्यानं चार शब्द सुनावले तर ऐकून घे, मधे बोलू नकोस. त्याच्या मुलीचा प्रवेश झाला की राहिला, तेही विचार. राहिला असेल तर सकाळी झोपायच्या आधी थेट माझ्याकडे ये. शाळेत अजून ओळखी आहेत माझ्या, मी तुझ्याबरोबर येतो.